इंग्लंडचे न्यायाधीश कायद्याचे कलम कसे वाचतात: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या कायद्याचा अभ्यास सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांतच तीन नावे पाठ करायला मिळतात: लिटरल रूल, गोल्डन रूल आणि मिस्चीफ रूल. पुण्या-मुंबईत एलएलबी करताना ‘इंटरप्रिटेशन ऑफ स्टॅट्यूट्स’चा पेपर दिलेल्यांनाही ती ओळखीची असतात. शब्द जसे आहेत तसे घ्या. त्यातून भलतेच काही निघत असेल तर थोडी मुरड घाला. नाहीतर कायदा कोणत्या दुखण्यावर केला होता ते बघा. मग तीनपैकी एक नियम निवडायचा, त्याखाली पाठ केलेला खटला लिहायचा आणि उत्तर संपवायचे. न्यायाधीश असे काम करत नाहीत. तीन कप्प्यांची ही सवय एकदा लागली की खरा निकाल हातात आल्यावर विद्यार्थी गोंधळतो, कारण निकालात तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सापडतात.

याचा पुरावा एकाच माणसाच्या तीन निकालांत मिळतो. १९६० साली लॉर्ड चीफ जस्टिस असलेल्या लॉर्ड पार्कर यांच्यासमोर ब्रिस्टलमधल्या एका दुकानाचे प्रकरण आले. दुकानदाराने काचेमागे बटण दाबताच पाते उघडणारा चाकू किमतीच्या चिठ्ठीसह मांडला होता. असे चाकू ‘विक्रीसाठी देऊ करणे’ १९५९च्या कायद्याने गुन्हा होते. पण करार कायद्यात दुकानात मांडलेली वस्तू म्हणजे ‘ऑफर’ नव्हे, ग्राहकाने ऑफर द्यावी यासाठीचे ते आमंत्रण असते. दुकानदार सुटला. हा फिशर विरुद्ध बेल खटला. त्याच वर्षी स्मिथ विरुद्ध ह्यूज खटल्यात वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रिया घराच्या बाल्कनीतून आणि खिडकीतून रस्त्यावरच्या पुरुषांना बोलावत होत्या. कायद्याचे शब्द होते ‘रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी’. स्त्रिया रस्त्यावर उभ्या नव्हत्या, तरी लॉर्ड पार्कर यांनी शिक्षा कायम ठेवली. पुढे १९६४ साली ॲडलर विरुद्ध जॉर्ज खटला आला. नॉरफोकमधल्या मारहॅम हवाई तळाच्या आत शिरून एकाने पहारेकऱ्याला अडथळा केला होता. कायदा म्हणत होता, निषिद्ध जागेच्या ‘परिसरात’ अडथळा करू नये. आरोपीचे म्हणणे असे की मी परिसरात नव्हतो, खुद्द जागेतच होतो. लॉर्ड पार्कर यांनी ते फेटाळले.

पाठ्यपुस्तके पहिला खटला लिटरलमध्ये, दुसरा मिस्चीफमध्ये आणि तिसरा गोल्डनमध्ये टाकतात. न्यायाधीश मात्र तोच, न्यायालयही तेच, आणि पहिले दोन निकाल तर एकाच वर्षातले. लॉर्ड पार्कर यांनी दर वेळी एकच प्रश्न विचारला: हे शब्द, या कायद्यात, या ठिकाणी, काय सांगतात? ‘देऊ करणे’ या शब्दाला आधीपासून ठरलेला कायदेशीर अर्थ होता, आणि मांडून ठेवलेली वस्तूही पकडायची असेल तिथे संसद ‘विक्रीसाठी मांडणे’ असे वेगळे शब्द वापरत आली होती, हे त्यांनी निकालात नोंदवले. राहिलेली फट न्यायाधीशाने बुजवायची नव्हती. ती संसदेने १९६१ साली दुरुस्ती करून बुजवली. दुसऱ्या कायद्यात बोलावणारी व्यक्ती नेमकी कुठे उभी असावी हे लिहिलेलेच नव्हते. हाक तर रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचत होती, आणि लोकांना त्रास न होता रस्त्याने जाता यावे हाच कायद्याचा उद्देश होता.

शब्द, संदर्भ आणि हेतू एकत्र ठेवून वाचणे हीच आजची पद्धत आहे. खाली त्याची वाट दिली आहे. पायऱ्यांचा क्रम माझा आहे. न्यायालयाने असा क्रम घालून दिलेला नाही. नव्या माणसाच्या हातून सर्वांत कमी चुका कुठल्या क्रमाने होतात, त्याचा विचार करून तो लावला आहे.

पायरी १: मजकूर नीट मिळवा

ब्रिटन सरकारच्या लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर कायदे फुकट मिळतात. तिथे एकाच कायद्याची दोन रूपे दिसतात: मूळ मंजूर झाला तेव्हाचे, आणि दुरुस्त्या धरून आजचे. तुमची घटना ज्या तारखेची असेल त्या तारखेला कोणता मजकूर लागू होता ते पाहा. पानाच्या वरच्या भागात ‘काही बदल अजून घातलेले नाहीत’ अशी सूचना असते, ती वगळून पुढे जाऊ नका.

मग दोन गोष्टी तपासा. कलम अमलात आले आहे का? संसदेने मंजूर केलेली काही कलमे वर्षानुवर्षे अमलात येत नाहीत. कायद्याच्या शेवटी त्याबद्दलचे कलम असते. आणि कायदा कुठे लागू आहे? इंग्लंड आणि वेल्स हे एक कायदाक्षेत्र, स्कॉटलंड दुसरे, उत्तर आयर्लंड तिसरे. आपल्याकडून गेलेले विद्यार्थी ‘ब्रिटिश कायदा’ असे सरसकट म्हणतात आणि नेमके इथे अडकतात.

पायरी २: व्याख्या शोधा

बहुतेक कायद्यांत व्याख्यांचे कलम शेवटाकडे किंवा त्या भागाच्या अखेरीस असते. तुमचा शब्द तिथे असेल तर शब्दकोश बंद ठेवा. व्याख्येत ‘म्हणजे’ आहे की ‘यात समाविष्ट आहे’, हेही बघा. ‘म्हणजे’ने यादी बंद होते. ‘समाविष्ट आहे’ने नेहमीचा अर्थ तसाच राहतो आणि त्यात भर पडते.

त्या कायद्यात व्याख्या नसेल तर १९७८चा इंटरप्रिटेशन ॲक्ट उघडा. महिना म्हणजे दिनदर्शिकेतला महिना, एकवचनात अनेकवचन येते, पुल्लिंगात स्त्रीलिंग येते, ‘व्यक्ती’त कंपनीही येते, अशी सर्व कायद्यांसाठीची सोय त्यात आहे; संबंधित कायद्यातून वेगळा इरादा दिसत असेल तेवढे सोडून. भारतात हेच काम १८९७चा जनरल क्लॉजेस ॲक्ट करतो, त्यामुळे इकडे शिकलेल्यांना हा भाग सोपा जातो.

पायरी ३: शब्द त्याच्या शेजाऱ्यांसह वाचा

खरे काम इथे सुरू होते, म्हणून इथे थोडे थांबू.

शब्दाचा साधा अर्थ आधी घ्यायचा, याबद्दल इंग्लंडमध्ये वाद नाही. साध्या शब्दाचा कायदेशीर अर्थ ओढूनताणून काढू नये, हेही १९७२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने (संसदेचे वरिष्ठ सभागृह, जे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करत होते) ब्रूटस विरुद्ध कोझेन्स खटल्यात सांगितले. विम्बल्डनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूचा सामना चालू असताना वर्णभेदाचा निषेध करणारा एक माणूस कोर्टवर धावला होता. त्याचे वागणे ‘अपमानकारक’ होते का, हा प्रश्न होता. लॉर्ड रीड म्हणाले की ‘अपमानकारक’ हा रोजचा शब्द आहे, आणि रोजच्या शब्दाचा अर्थ हा कायद्याचा प्रश्न नाही. प्रेक्षकांना राग आला एवढ्यावरून अपमान ठरत नाही.

पण साधा अर्थ म्हणजे एकटा शब्द उचलून शब्दकोशात बघणे नव्हे. तसे वाचले की काय होते ते १८६८च्या व्हाइटली विरुद्ध चॅपेल खटल्यात दिसते. ‘मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्ती’चे सोंग घेणे गुन्हा होता, आरोपीने मृत माणसाच्या नावाने मत दिले, मृताला मतदानाचा हक्क नसतो, आरोपी सुटला. १९४६ साली रेल्वेच्या एका कामगाराच्या विधवेला याहून कठोर अनुभव आला. रुळांच्या सांध्यांना तेल घालताना तो गाडीखाली सापडला. पहारा ठेवण्याची सक्ती रुळ ‘नव्याने टाकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या’ माणसांसाठी होती. तेल घालणे ही देखभाल झाली, दुरुस्ती नव्हे, असे हाऊस ऑफ लॉर्ड्सने धरले आणि तिला भरपाई मिळाली नाही. हा निकाल मला पटत नाही. ज्या धोक्यापासून वाचवण्यासाठी पहाऱ्याची सक्ती होती, त्याच धोक्याने तो माणूस गेला. कायद्याच्या एका शब्दावर कुणाचे तरी घर अवलंबून असते, हे अभ्यास करताना विसरू नये.

शेजारच्या शब्दांवरून अर्थ ठरवण्याच्या काही जुन्या लॅटिन नावांच्या रीती आहेत. यादीनंतर ‘किंवा इतर’ असे सैल शब्द आले तर ते यादीतल्याच जातीच्या वस्तूंपुरते धरायचे, ही एजुसडेम जेनेरिस. जुगाराच्या १८५३च्या कायद्यात ‘घर, कार्यालय, खोली किंवा इतर जागा’ असे शब्द होते. केम्प्टन पार्क रेसकोर्सवरचे उघडे आवार त्यात येत नाही, असा निर्णय १८९९ साली झाला, कारण यादीतल्या तिन्ही जागा बंदिस्त आहेत. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखायचा, ही नॉसिटुर अ सोसिइस. कारखान्यातली ‘जमीन, पायऱ्या, जिने, वाटा आणि मार्गिका’ मोकळ्या ठेवाव्यात असे कलम होते; १९६४च्या एका निकालात ‘जमीन’ म्हणजे माणसे ये-जा करतात ती जमीन, माल ठेवायची जागा नव्हे, असे ठरले. तिसरी रीत, एक सांगितले म्हणजे दुसरे वगळले, ही सर्वांत जपून वापरायची, कारण मसुदा लिहिणाऱ्याने एखादी गोष्ट मुद्दाम वगळली की ती त्याला सुचलीच नाही, हे यादीकडे बघून नेहमी कळत नाही.

आता एक शब्द पूर्ण घोळवून पाहू. इंग्लंडमध्ये सायकल ही ‘कॅरेज’, म्हणजे गाडी, आहे का?

१८७९ साली बेफाम वेगाने सायकल हाकणाऱ्यावर १८३५च्या हायवे ॲक्टखाली खटला झाला. तो कायदा रस्त्यावरच्या लोकांना इजा होऊ नये म्हणून होता. वेगात येणाऱ्या सायकलने माणूस जखमी होतो, तेव्हा सायकल कॅरेज ठरली. पुढच्याच वर्षी, १८८० साली, टोल नाक्यावरच्या कराचा प्रश्न आला. तिथे सायकल कॅरेज नाही असे न्यायालय म्हणाले. टोलची यादी घोड्यांनी ओढायच्या गाड्यांभोवती रचलेली होती, आणि कर लादायचा असेल तर शब्द स्पष्ट हवेत. एकच शब्द, एकच वस्तू, एका वर्षाचे अंतर, आणि दोन उलट उत्तरे. तरी दोन्ही बरोबर आहेत.

मग १९५० साली कॉर्करी विरुद्ध कार्पेंटर खटला आला. डेव्हनमधल्या इल्फ्राकूम गावात एक माणूस दारू पिऊन सायकल ढकलत रस्त्याने चालला होता. १८७२च्या लायसन्सिंग ॲक्टच्या कलम १२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ‘कॅरेज, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन’ ताब्यात असताना नशेत असणे गुन्हा आहे. त्याच वाक्यात पुढे भरलेली बंदूक बाळगून नशेत असण्याचाही उल्लेख आहे. ही यादी सावकाश वाचा. घोडा, गुरे, इंजिन, बंदूक यांना वाहन म्हणून एकत्र आणता येत नाही. पण नशेतल्या माणसाच्या हातून या सगळ्यांनी दुसऱ्याला इजा होऊ शकते. शेजारच्या शब्दांतूनच कायद्याचा हेतू असा वर आला. लॉर्ड गोडार्ड यांच्या न्यायालयाने सायकलला कॅरेज ठरवले. पुस्तके याला मिस्चीफ रूलचे उदाहरण म्हणतात, पण इथे हेतू दुसरीकडून आणावा लागला नाही, तो यादीतच होता.

पायरी ४: संपूर्ण कायदा वाचा

दोन कायद्यांत एका शब्दाचे दोन अर्थ चालतात, हे वर दिसले. एकाच कायद्यात मात्र तो शब्द सगळीकडे एकाच अर्थाने आला आहे असे धरून चालतात, जोवर उलट काही दिसत नाही. याचे ताजे आणि मोठे उदाहरण म्हणजे एप्रिल २०२५ मधला फॉर विमेन स्कॉटलंड निकाल. २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टमधल्या ‘स्त्री’, ‘पुरुष’ आणि ‘सेक्स’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असा आहे, असे सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवले. या निकालावर समाजात तीव्र मतभेद आहेत. आपण इथे फक्त पद्धत पाहू: न्यायालयाने गर्भधारणा, मातृत्व आणि इतर विषयांवरची कलमे एकेक करून घेतली आणि कोणत्या अर्थाने ती सगळी सुसंगत राहतात ते तपासले. वादग्रस्त शब्दाचा अर्थ त्याच्यापासून कितीतरी पाने दूर असलेल्या कलमांनी ठरवला.

कायद्याचे लांब शीर्षक, भागांची नावे, कलमांवरचे मथळे आणि शेवटच्या अनुसूचीही वाचा. मथळ्याने कलमाचा अर्थ बदलत नाही, पण रोख कळतो.

पायरी ५: आधी काय बिघडले होते?

१५८४ सालच्या हेडनच्या खटल्यात न्यायाधीशांनी चार प्रश्न विचारायला सांगितले: कायद्याआधी कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) काय होता, त्यात कोणती उणीव होती, संसदेने कोणता उपाय केला, आणि त्या उपायामागचे खरे कारण काय. चारशे वर्षांहून जुने हे प्रश्न आजही चालतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालच्या बेंगॉल इम्युनिटी खटल्यात त्यांचाच आधार घेतला.

उत्तरे मिळवण्याच्या जागा मात्र आता जास्त आहेत. लॉ कमिशनचे (कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या संस्थेचे) अहवाल आणि सरकारच्या श्वेतपत्रिका पाहता येतात. १९९९ पासून बहुतेक सरकारी विधेयकांसोबत स्पष्टीकरणाच्या टिपा प्रसिद्ध होतात आणि त्या त्याच संकेतस्थळावर मिळतात. या टिपा सरकारी खाते लिहिते, संसद मंजूर करत नाही. म्हणून त्यांतून पार्श्वभूमी घ्यावी, कलमाचा अर्थ परस्पर उचलू नये.

हेतू पाहिल्याने किती फरक पडतो आणि त्यावर किती कडाक्याचे मतभेद होतात, हे समजायला १९८१चा रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग खटला वाचा. १९६७च्या गर्भपात कायद्याप्रमाणे गर्भपात ‘नोंदणीकृत डॉक्टरने’ करायचा होता. तेव्हा तो शस्त्रक्रियेने होई. पुढे औषध थेंबाथेंबाने देऊन करायची पद्धत आली, आणि त्यातला बराच भाग परिचारिका पार पाडू लागल्या. गर्भपात ‘डॉक्टरने केला’ असे म्हणता येईल का? हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने उत्तर ‘हो’ आले: डॉक्टर उपचार ठरवतो, जबाबदारी घेतो आणि देखरेख करतो, तेवढे पुरे. असुरक्षित, चोरून होणारे गर्भपात थांबवणे हा कायद्याचा हेतू होता. तिन्ही न्यायालयांतले न्यायाधीश मोजले तर पाच जणांचे मत ‘नाही’ होते आणि चौघांचे ‘हो’. तरी कायदा चौघांचा ठरला, कारण त्यातले तिघे सर्वोच्च पायरीवर होते. विरोधात लिहिणारे लॉर्ड विल्बरफोर्स म्हणत होते की मूळ कायद्याच्या मनात नसलेल्या नव्या परिस्थितीकडे शब्द नेताना फार जपावे. त्यांची विचारांची मांडणी मात्र एवढी भक्कम होती की २००३ सालच्या क्विंटाव्हॅल खटल्यात लॉर्ड बिंगहॅम यांनी तीच वापरून नव्या तंत्राला जुन्या कायद्याखाली आणले. १९९०च्या कायद्यात भ्रूणाची व्याख्या ‘फलन पूर्ण झालेला’ अशी होती. नंतर डॉली मेंढीसारखी क्लोनिंगची वाट खुली झाली, जिच्यात फलन होतच नाही. संसदेला प्रयोगशाळेत तयार होणारे सर्व मानवी भ्रूण नियंत्रणाखाली हवे होते, म्हणून असे भ्रूणही कायद्यात आले.

हेतूला मर्यादाही आहे. लॉर्ड रीड यांनी १९७५ साली सांगितले की आपण संसदेचा इरादा शोधतो असे म्हणतो, पण खरे तर संसदेने वापरलेल्या शब्दांचा अर्थ शोधत असतो. हेतू कितीही चांगला असला, तरी ज्या शब्दांत तो मावत नाही त्या शब्दांत कोंबता येत नाही.

पायरी ६: गृहीतके

काही गोष्टी संसदेने स्पष्ट नाकारल्या नाहीत तर त्या कायद्यात आहेतच असे धरतात. गुन्ह्यासाठी दोषी मन लागते, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. एका शिक्षिकेने एक फार्महाऊस भाड्याने दिले होते, आणि तिच्या नकळत भाडेकरूंनी तिथे गांजा ओढला. १९६९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तिला निर्दोष ठरवले, जरी कलमात ‘माहीत असताना’ असा शब्द नव्हता. मूलभूत हक्क मोघम शब्दांनी काढून घेता येत नाहीत, हे दुसरे. ते काढायचेच असतील तर संसदेने ते उघडपणे लिहावे आणि त्याची राजकीय किंमत मोजावी, असे लॉर्ड हॉफमन यांनी १९९९ साली सिम्स खटल्यात लिहिले.

तिसऱ्या गृहीतकाचा धागा थेट मुंबईशी जुळतो. कायदा सरकारला, म्हणजे क्राउनला, बांधतो का? मुंबई महापालिकेला पाण्याची मुख्य वाहिनी सरकारी जमिनीतून न्यायची होती. १८८८च्या पालिका कायद्यात ‘कोणत्याही जमिनीतून’ नेण्याचा अधिकार होता. मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला, पण १९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या अपिलांच्या शेवटच्या न्यायालयाने, तो फिरवला: स्पष्ट शब्दांनी किंवा अपरिहार्य अर्थाने नाव घेतल्याशिवाय क्राउन बांधला जात नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हे गृहीतक सोडून दिले. इंग्लंडमध्ये ते अजून चालू आहे. २०१७ साली सरकारी तुरुंगांना धूम्रपानबंदीचा कायदा बांधतो का, या प्रश्नावर तिथल्या सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या याच खटल्याची चर्चा केली आणि क्राउन बांधलेला नाही असे ठरवले.

पायरी ७: संसदेतली भाषणे, सर्वांत शेवटी

१९९२ पर्यंत न्यायालयांना अर्थ लावताना संसदेच्या चर्चेचा अहवाल, म्हणजे हॅन्सार्ड, पाहायची मनाई होती. मॅल्व्हर्न कॉलेज या शाळेच्या शिक्षकांनी ती बदलली. त्यांच्या मुलांना फीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात तिथे शिकता येई. या सवलतीवरचा कर शाळेच्या सरासरी खर्चावर मोजायचा की एका जादा मुलामागे वाढणाऱ्या खर्चावर? पहिल्या सुनावणीनंतर पाचपैकी चार न्यायाधीशांचा कल करखात्याकडे होता. मग हॅन्सार्ड पाहायचे की नाही यावर सात न्यायाधीशांसमोर पुन्हा सुनावणी झाली. १९७६ साली मंत्र्याने संसदेत दिलेले उत्तर शिक्षकांच्या बाजूचे निघाले आणि निकाल उलटला. हा पेपर विरुद्ध हार्ट.

परवानगी अरुंद आहे: कलम संदिग्ध, दुर्बोध किंवा असंगत निष्कर्षाकडे नेणारे हवे; विधान मंत्र्याचे किंवा विधेयक मांडणाऱ्याचे हवे; आणि ते स्पष्ट हवे. नवखे विद्यार्थी कलम नीट वाचण्याआधीच भाषणे शोधायला लागतात. तसे करू नका.

पायरी ८: मानवी हक्कांचा वेगळा दरवाजा

आतापर्यंतची सगळी वाट अर्थ शोधण्याची होती. १९९८च्या ह्यूमन राइट्स ॲक्टचे कलम ३ याहून पुढे जाते. शक्य असेल तिथवर प्रत्येक कायदा मानवी हक्कांच्या युरोपीय करारातल्या हक्कांशी जुळेल असा वाचावा, असा त्याचा हुकूम आहे, आणि त्यासाठी संदिग्धता असावी लागत नाही. १९७७च्या रेंट ॲक्टमध्ये भाडेकरूसोबत ‘त्याची किंवा तिची पत्नी किंवा पती म्हणून’ राहणाऱ्याला भाडेकरूच्या मृत्यूनंतर संरक्षण होते. १९९९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने या शब्दांत समलिंगी जोडीदार बसत नाही असे म्हटले होते. २००४ साली घैदान खटल्यात, कलम ३ मुळे, तेच शब्द समलिंगी जोडीदाराला सामावून घेतील असे वाचले गेले. कायद्याच्या मूळ गाभ्याविरुद्ध मात्र असे वाचता येत नाही. तिथे न्यायालय कलम ४ खाली विसंगतीची घोषणा करते, आणि कायदा बदलायचा की नाही ते संसद ठरवते.

पायरी ९: आधीचे निकाल, आणि मग लिखाण

तुमच्या कलमाचा अर्थ वरच्या न्यायालयाने आधीच लावला असेल तर तो बांधील आहे, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्या निकालाच्या चौकटीत बसवाव्या लागतात. नॅशनल अर्काइव्ह्जच्या फाइंड केस लॉ सेवेत आणि बेली (BAILII) या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. शोधताना कायद्याचे नाव आणि कलम क्रमांक दोन्ही घाला. निकाल सापडला की तो याच कलमावरचा आहे की दुसऱ्या कायद्यातल्या त्याच शब्दावरचा, हे आधी पाहा. सायकलचे दोन निकाल आठवा.

लिहिताना पहिल्या ओळीत प्रश्न एका शब्दापर्यंत आणा. मग त्या शब्दाचे दोन्ही संभाव्य अर्थ स्वतंत्र वाक्यांत मांडा. कोणत्या अर्थाला शेजारचे शब्द, बाकीची कलमे, हेतू आणि गृहीतके पाठिंबा देतात ते दाखवा, आणि न आवडलेल्या अर्थाची सर्वांत मजबूत बाजू लपवू नका. ‘मी इथे गोल्डन रूल लावतो’ असे लिहिण्यापेक्षा परिणाम असंगत का होतो ते दोन वाक्यांत सांगितलेले चांगले.

वाचायला सुरुवात क्विंटाव्हॅल निकालातल्या लॉर्ड बिंगहॅम यांच्या आठव्या परिच्छेदापासून करा. नंतर २०२२ साली मुलांच्या नागरिकत्व नोंदणीच्या शुल्कावर झालेल्या निकालात लॉर्ड हॉज यांचे परिच्छेद २९ ते ३१ घ्या. शब्द हेच अर्थाचे मुख्य साधन, आणि बाहेरची कागदपत्रे दुय्यम, असे त्यात स्वच्छ मांडले आहे. ते झाले की लायसन्सिंग ॲक्टचे कलम १२ समोर ठेवा आणि नशेत स्केटबोर्ड काखेत घेऊन रस्त्याने चालणारा माणूस त्यात येतो का, यावर दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहून काढा.